पाच बुधवार

सकाळचा उजेड कोपरखैरण्यात सरळ येत नाही. पूर्वेच्या डोंगरामागून तो निघत असेल तेव्हा त्याच्यात काही सोनेरी अंश असावा. पण कारखान्यांच्या पत्र्यांवरून, रस्त्यापलीकडच्या टॉवरच्या काचांवरून आणि समोरच्या इमारतीच्या शेवाळलेल्या भिंतीवरून घसरत घसरत तो या तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचतो, तोवर त्याचा रंग दुसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखा झालेला असतो. आधी तो खिडकीबाहेरच्या लोखंडी जाळीवर थांबतो. तिथे तुळशीची कुंडी, कान तुटलेली बादली आणि कोणे एके काळी आणलेले सायकलचे टायर आहे. या सगळ्यांना समान वागणूक देऊन तो आत शिरतो, भिंतीवर जाळीचे चौकोन मांडतो, आणि मग ते चौकोन अतिशय सावकाश खाली उतरू लागतात. कॅलेंडरवरच्या देवाच्या हातावरून फ्रीजच्या दारावर, दारावरून कडेच्या गंजावर, गंजावरून स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर. निशांत बाहेरच्या खोलीत जमिनीवर गादी घालून झोपत असे आणि जाग आल्यावर हा प्रवास शेवटपर्यंत पाहत असे. त्याला त्या उजेडाचे कौतुक मुळीच नव्हते. त्याचा आज्ञाधारकपणा त्याला तिरस्करणीय वाटे: रोज तीच वाट, तेच थांबे, आणि शेवटी स्वयंपाकघराच्या रिकाम्या फरशीवर येऊन निमूट पडून राहणे. आपल्यात आणि त्याच्यात फार फरक नाही हे त्याला ठाऊक होते, आणि म्हणूनच तो त्याच्याकडे डोळे बारीक करून, एखाद्या गरीब नातेवाइकाकडे पाहावे तसा पाहत असे.

त्या दिवशी उजेड फरशीवर पोहोचला तेव्हा फरशी रिकामी नव्हती. तिथे एक पाऊल होते. उजेड पावलावर चढला, घोट्यावरून साडीच्या काठावर गेला, आणि तिथून एकदम एका पात्यावर पडून लखकन उलट निशांतच्या डोळ्यांत आला. पाठोपाठ आवाज आला: खच्, खच्, खच्. गेल्या तीन वर्षांत या घरात हा आवाज झाला नव्हता. आई जमिनीवर बसली होती. विळीचा पाट उजव्या पायाखाली दाबून, डावा गुडघा मुडपून, ताठ पाठीने ती गवार चिरत होती.

निशांत उठून बसला. त्याच्या छातीत काहीतरी सरकले. ते आनंदाचे नव्हते, एवढे त्याला तत्क्षणी कळले, आणि ते कळल्याचा त्याला रागही आला.

"तू खाली बसलीस?"

"मग काय, गवार दोरीवर टांगून चिरू?" आईने वर पाहिलेही नाही.

"झाला जागा," वर्तमानपत्रामागून बाबा म्हणाले. ते, म्हणजे मधुकरराव, बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयातून निवृत्त झाले होते, आणि घरातल्या प्रत्येक घटनेवर शेरा मारणे हे काम त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतले होते. "आता पुरावा मागेल बघ."

"पण तुला बसता येत नव्हतं."

"येतं आता. इंजेक्शनं घेतली मी. पाच. दर बुधवारी एक."

"कुठली इंजेक्शनं?"

आईने चिरलेली गवार मुठीने ताटात सारली, आणि मग त्याच्याकडे पाहून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुझीच."

तुझीच. या शब्दाने त्याचे कान तापले. निशांत औषध कंपन्यांसाठी मजकूर लिहून देणाऱ्या एका संस्थेत नोकरी करत होता. इंग्रजी पत्रके मराठीत आणणे हे त्याचे काम. त्याने केलेले मराठी दुसऱ्या खोलीत बसलेली व्यक्ती पुन्हा इंग्रजीत नेई, आणि दोन्ही इंग्रजी जुळली की कंपनी समाधान पावे. भाषेचा हा जाण्यायेण्याचा धंदा त्याला मनापासून तुच्छ वाटे. त्यातही गुडघ्याच्या त्या इंजेक्शनाचे पत्रक त्याला सर्वांत तुच्छ वाटले होते. हायल्युरोनिक आम्ल, तेही कमी रेणुभाराचे. सांध्यात मुळातच असलेल्या वंगणाचा हा एक घटक. तो झिजला, पातळ झाला, की बाहेरून सुईने घालायचा. मोठ्या रेणूंचे औषध दाट असते, एकदा भरले की गादीसारखे बसते. लहान रेणूंचे पातळ. म्हणून ते आठवड्या-आठवड्याने पुन्हा द्यावे लागते. पत्रकात त्याने लिहिले होते: "हे औषध सांध्यात फार काळ राहत नाही. ते पेशींना स्वतःचे वंगण तयार करण्याची आठवण करून देते, आणि निघून जाते." लिहिताना त्याला हसू आले होते. आठवण करून देते! एखाद्या सज्जन पाहुण्यासारखे! संदर्भासाठी मिळालेले सगळे शोधनिबंध त्याने वाचले होते. एका गटाला औषध, दुसऱ्या गटाला मिठाचे पाणी; आणि मिठाच्या पाण्याने बरे वाटलेल्यांची संख्या अशी की औषधाने शरमून मान खाली घालावी. फरक होता, नाही असे नाही. पण तो इतका बारीक की त्याच्यावर पत्रकातले ते पिकल्या केसांचे, पांढऱ्या बुटांचे, समुद्रकाठी धावणारे जोडपे उभे करणे हा त्याला निर्लज्जपणा वाटला होता. आईने दोन वर्षांपूर्वी, "असं काही इंजेक्शन असतं का रे?" असे विचारले तेव्हा त्याने अर्धा तास तिला गटांची, टक्केवारीची आणि मानवी मनाच्या दुबळेपणाची हकिकत ऐकवली होती. ती शेवटपर्यंत ओट्याला टेकून उभी होती. बसली नव्हती, कारण बसली असती तर उठता आले नसते.

आता मात्र ती बसली होती, आणि वाद घालायला त्याच्याजवळ एकच हत्यार उरले होते. ते त्याने काढले. आपण हे क्रूरपणाने करत आहोत हे त्याला दिसत होते.

"ते कशापासून काढतात माहितीये? कोंबड्याच्या तुऱ्यापासून."

"माहितीये की. तूच लिहिलंयस खाली, बारीक अक्षरात. अंड्याचं-पिसांचं वावडं असेल तर डॉक्टरांना सांगा म्हणून." आईने पुढची मूठ विळीला लावली. "म्हणून तर बुधवार धरला. डॉक्टर सोमवारचं बोलवत होते. म्हटलं, सोमवारी आमच्यात चालत नाही."

"गुरुवारही नाही," बाबा म्हणाले. "ती आठवण मी केली."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, आजी, हे खायचं नाहीये. मी म्हटलं, पोटात गेलं काय आणि गुडघ्यात गेलं काय, अंगातच ना?"

अंघोळ करताना, कपडे चढवताना, बेलापूरच्या बसमध्ये खिडकीला डोके टेकून निशांत या संभाषणाकडे पुन:पुन्हा परतत राहिला, आणि प्रत्येक वेळी त्याला त्यात तिरस्कार करण्याजोगे नवे काही सापडत गेले. एक तर तो डॉक्टर. त्याने त्याला कधी पाहिले नव्हते, तरी त्याचे गुळगुळीत हात, टेबलावरचा प्लास्टिकचा उघडझाप होणारा गुडघा, आणि सर्व वृद्ध स्त्रियांना आजी म्हणण्याची ती हिशेबी माया त्याला स्पष्ट दिसत होती. मग योगिनीकाकू: घणसोली गावातली, आईला बाजारात मासळी घेताना भेटलेली आणि तेव्हापासून घरात बूट न काढता शिरावे तशी शिरलेली बाई, आईला दवाखान्यात नेणारी तीच असणार. मग बाबा, ज्यांनी पाच बुधवार हे गुपित सांभाळले आणि त्यात तिथीवारांची भर घातली. आणि सगळ्यांत शेवटी, त्याच्या मनाने वळसे घेत घेत जिथे पोहोचायचे टाळले होते तिथे, स्वतः तो. पाच बुधवार त्याच्या आईच्या गुडघ्यात सुई गेली होती, पाच संध्याकाळी ती पाय वर करून बसली असेल, आणि त्याच घरात जेवून, त्याच दारातून जाऊन-येऊन त्याला काही दिसले नव्हते. भजनाला जाते, एवढे त्याने गृहीत धरले होते. पण यातही स्वतःला दोष देण्यापेक्षा तिचा कावा मोजणे त्याला सोपे गेले.

तीन वर्षांपूर्वीची एक दुपार त्याला आठवली. इमारतीला लिफ्ट नाही. दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधल्या वळणावर, जिथे भिंतीला तेलकट हातांचा एक लांब पट्टा पडला आहे, तिथे आई थांबली होती. कठड्याला धरून, एक पाय खालच्या पायरीच्या वर हवेत ठेवून. तिच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती, आश्चर्य होते. "उतरताना हा गुडघा परक्यासारखा वागतो रे," ती म्हणाली होती. "माझं ऐकतच नाही." ते वाक्य त्याला इतके आवडले होते की तिला हात देण्याआधी त्याने ते मनात दोनदा म्हणून पाहिले. पुढे पत्रकात त्याने ते जसेच्या तसे घातले: "जिना उतरताना तुमचा गुडघा परक्यासारखा वागतो का?" परत इंग्रजीत जाऊन आल्यावर कंपनीतल्या कुणाला तरी ते वाक्य फार पसंत पडले, आणि ते पत्रकाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत आले. आईने ते दवाखान्यात वाचले होते. हेही तिने सकाळी सांगितले होते, डबा भरता भरता. "वाचलं आणि म्हटलं, अरे, हा तर माझाच गुडघा. सगळ्या बायकांना दाखवलं. माझा मुलगा लिहितो म्हटलं." त्या वेळी त्याने डब्याचे झाकण नको इतक्या जोराने लावले. ज्या कागदावर त्याचा स्वतःचा कवडीचा विश्वास नव्हता त्याच्यावर तिने विश्वास ठेवला होता, कारण त्यात तिला तिचाच आवाज ऐकू आला होता. यापेक्षा हास्यास्पद फसवणूक कोणती असू शकेल, असे त्याने स्वतःला विचारले. आणि फसवणूक झाली असेल तर ती सकाळी जमिनीवर कशी बसली होती, हा प्रश्न मात्र त्याने बसच्या खिडकीतून बाहेर जाऊ दिला.

क्षिप्राचा फोन दुपारी आला. ती पूर्वी याच संस्थेत, त्याच्या शेजारच्या टेबलावर होती. आता तिला बेंगळुरूला नोकरी मिळाली होती आणि रविवारी ती निघणार होती. दोघांनी लग्न करून एकत्र जायचे, हे दोन वर्षांपूर्वी एका सायंकाळी खाडीकडे तोंड करून बसलेले असताना ठरल्यासारखे झाले होते. ठरल्यासारखे, कारण निशांतने तेव्हाही होकार न देता आईच्या गुडघ्यांविषयी सांगितले होते. तिसरा मजला, पाणी भरणे, बाबांचा काही उपयोग नसणे. त्यानंतर विषय निघाला की गुडघे निघत. क्षिप्रा सुरुवातीला काळजीने विचारी, मग समजूतदारपणे, आणि अलीकडे तिच्या विचारण्यात लोखंडाची थंडी आली होती.

"जेवलास?"

"हो."

"ऐक. तिकडच्या घरमालकाला आज कळवायचंय, एकटीसाठी घेऊ की दोघांसाठी. मी तुला शेवटचं विचारतेय, आणि 'शेवटचं' हे नाटक म्हणून म्हणत नाहीये." आणि मग नेहमीचा प्रश्न: "आईचे गुडघे कसे आहेत?"

पात्यावरून उलटून आलेला तो प्रकाश निशांतच्या डोळ्यांत पुन्हा एकदा चमकून गेला. समोरच्या पडद्यावर एका खोकल्याच्या औषधाचे वाक्य अर्धवट पडले होते.

"तसेच आहेत," तो म्हणाला.

"बरं," क्षिप्रा म्हणाली. "मी रात्री करते फोन. तोवर विचार कर. गुडघ्यांचा नको, तुझा."

फोन ठेवल्यावर आपण खोटे बोललो असे त्याला वाटले नाही. उलट आपण शास्त्रीय बोललो असे त्याने स्वतःला पटवले. एका सकाळी एक बाई विळीवर बसली, हा काही निष्कर्ष नव्हे. सुई टोचली, पांढरा कोट दिसला, कुणी आस्थेने 'कुठं दुखतं' विचारले, की मेंदू वेदनेचे दार ओढून घेतो. हे मिठाच्या पाण्यानेही होते. हा बहर ओसरेल. ओसरणारच. त्याने मनाशी महिने मोजायला घेतले, आणि मोजता मोजता आपण आईच्या वेदनेची वाट पाहत आहोत, एखाद्या उशीर झालेल्या माणसाची पाहावी तशी, हे ध्यानात येऊन तो खुर्चीतून उठला आणि उगाच पाणी पिऊन आला.

संध्याकाळी घरी बाबा एकटेच होते.

"आई कुठाय?"

"हळदीला. योगिनीच्या पुतणीची, उन्नतीची. घणसोली गावात. सकाळी बोलली की, तू डबा आपटत होतास तेव्हा." बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "नाचणार आहे म्हणे."

"नाचणार?"

"इंजेक्शनं कशाला घेतली मग? तुला वाटलं गवार चिरायला?"

निशांतला हे अनपेक्षित होते. दिवसभर त्याच्या तिरस्काराच्या तळाशी एक समजूत गुपचूप पडून होती: की आईने हे त्याच्यासाठी केले. तो मोकळा व्हावा म्हणून. त्या त्यागावर रागावण्याचीही त्याने तयारी करून ठेवली होती. आणि इथे तर त्याचा विचारच कुणी केला नव्हता. ती नाचायला गेली होती. दाराच्या खिळ्याला तिचा गुडघ्याचा पट्टा लटकत होता, राखाडी, कडा सैल झालेला, तीन वर्षांच्या घामाने मऊ पडलेला. ती तो विसरली, असे त्याने ठरवले. त्याने तो काढून घेतला, घडी करून खिशात घातला, आणि "देऊन येतो, लागेल तिला" असे म्हणून जिना उतरला. बाबांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला.

घणसोली गावात रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच सोडावी लागते. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंत व्हावे अशा त्या गल्ल्या, अंगावर आलेली घरे, आणि डोक्यावर पाहिले तर घरांच्या फटीतून दिसणारे टॉवरचे दिवे. निशांत खिशातल्या पट्ट्यावर हात ठेवून चालत होता. मनात तो मांडवाचे चित्र काढत होता: आई एका प्लास्टिकच्या खुर्चीवर, चेहरा ओढलेला, गुडघा दोन्ही हातांनी धरून, आजूबाजूला या ढोबळ, आरडाओरडा करणाऱ्या बायका, आणि तो येतो, काही न बोलता खाली बसतो, पट्टा बांधतो. ते चित्र त्याला इतके आवडले की त्याची पावले भरभर पडू लागली.

मांडवात एका कोपऱ्यात गोजरा, योगिनीकाकूची सासू, हळदीचे जुने गाणे म्हणत बसली होती. तिचा आवाज कुणाला ऐकू येत नव्हता आणि तिला त्याची फिकीरही नव्हती. कारण बेंजोवाल्यांचा ताफा सुरू झाला होता. बायकांचा गोल फिरत होता, सगळ्यांचे चेहरे पिवळे, हात वर, आणि त्या गोलात, दोन धिप्पाड बायकांच्या मध्ये, डोक्याने त्यांच्या खांद्याएवढी, त्याची आई होती.

"निशांत आला रं!" योगिनीकाकू गर्दीतून वाट काढत आली. तिचे हात कोपरापर्यंत हळदीचे होते. "बग, बग तुजी आय. मगाधरनं बसली नाय. मी बोल्ली, वयनी, जरा दम घ्या. तर मनते, तीन वर्सं दमच घेत व्हते."

"तिचा पट्टा राहिला घरी."

योगिनीकाकूने त्याच्या हातातल्या त्या राखाडी वस्तूकडे पाहिले, मग त्याच्याकडे, आणि ती मोठ्याने हसली. त्या हसण्यात दुष्टपणा अजिबात नव्हता. म्हणून ते अधिक लागले. "ऱ्हायला कसला? माज्यासमोर टांगला तिनं खिळ्याला. तुलाच लागलाय काय तो? बांद, बांद. आमी नाय सांगनार कोनाला." आणि तिने त्याच्या गालावर हळदीचा पंजा उमटवला.

तो मांडवाच्या खांबाशी उभा राहिला. या नाचाचा, या वाद्याचा, गालावर वाळत चाललेल्या या लेपाचा तिरस्कार करणे त्याने चालू ठेवले. पण ते आता वही चाळल्यासारखे झाले होते, पाने उलटत होती आणि वाचले काही जात नव्हते. तो गुडघ्याकडे पाहत होता. साडी किंचित वर खोचलेली, त्यामुळे घोटे दिसत होते, आणि पावले पडत होती: डावे, उजवे, गिरकी, पुन्हा डावे. त्याने तज्ज्ञाच्या नजरेने डाव्या पायावरचा भार पाहिला. लंगडणे शोधले. चुकवलेले पाऊल, कठड्यासाठी नकळत पुढे होणारा हात, ओठ दाबणे, यांतले एक तरी. बेंजोने चाल बदलली, गोल खाली वाकला, सगळ्या बायका गुडघ्यांत मोडून जमिनीपर्यंत गेल्या आणि ओरडत वर आल्या. आई खाली गेली. आई वर आली. तिचा चेहरा घामाने आणि हळदीने चकाकत होता, आणि तो त्याच्या ओळखीचा नव्हता. तिने त्याला पाहिले. हात हलवला, ये म्हणून नव्हे, नुसताच, ओळखीच्या माणसाला हलवावा तसा. आणि गोलाबरोबर ती पलीकडे निघून गेली.

खिशात फोन थरथरला. त्याने मांडवाबाहेर, गल्लीच्या भिंतीला पाठ लावून तो घेतला.

"कसला आवाज येतोय एवढा?" क्षिप्राने विचारले. "कुठं आहेस?"

"घणसोलीत. हळद आहे."

"आणि तू? हळदीत?"

"आई नाचतेय."

मांडवातून बायकांची आरोळी उठली, भिंतीला धडकली आणि फोनमध्ये शिरली असावी.

"कुणाची आई?"

"माझी." त्याच्या दुसऱ्या हातात अजून तो पट्टा होता, मुठीत दाबून दाबून तो गरम झाला होता. "इंजेक्शनं घेतली तिने. सकाळी खाली बसून भाजी चिरली. दुपारी मी तुला चुकीचं सांगितलं."

क्षिप्रा रागावेल असे त्याला वाटले; ती रागावली असती तर त्याला बरे झाले असते, त्याने तिच्या रागात काही ना काही हलके, बाजारी शोधून काढले असते. पण तिचा आवाज फक्त दमलेला होता, आणि त्यात, फार दिवसांनी, थोडी दया होती.

"मग आता काय अडलंय, निशांत?"

गल्लीच्या वरच्या फटीतून टॉवरच्या एका खिडकीचा दिवा दिसत होता. त्याने मिठाचे पाणी आठवले, टक्केवारी आठवली, हा बहर ओसरेपर्यंतचे महिने आठवले, बाबा, तिसरा मजला, जिन्याचे ते तेलकट वळण, सगळे एकामागून एक आठवून पाहिले. बेंजो थांबला होता. आत आई कुणाकडे तरी पाणी मागत होती, मोठ्या, मोकळ्या आवाजात.

अडले काहीच नव्हते. त्याला भीती वाटत होती.